दारासमोरचं हातभर रेझिन

ज्या बाईने एकतीस वर्षं अख्ख्या शहराचं पाणी थेंब-थेंब तपासून लोकांना पाजलं, तिला फाटकापासून दारापर्यंतचा अकरा मीटरचा डांबरी पट्टा नीट करता येणार नाही, असं म्हणणाऱ्या कंत्राटदाराला थेंबताईंनी चहा दिला, तो संपेपर्यंत वाट बघितली आणि मग त्याला फाटकापर्यंत पोचवून आल्या. जाताना तो एका खड्ड्यात अडखळला.

"जपून," त्या म्हणाल्या. "शनिवारपर्यंतच आहे तो."

थेंबताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीतून थेंब मोजताना कुणी हाक मारली तर त्या उत्तर देत नसत, पहिल्यापासून मोजायला लागत. त्यावरून पडलेलं नाव निवृत्तीनंतर घरीही आलं. त्यांच्या नवऱ्यालाही असंच नाव होतं. ते एका कारखान्याचं भांडार सांभाळून निवृत्त झालेले, म्हणून गल्लीत स्टोअरसाहेब.

आता शनिवारचं. शनिवारी सासूबाईंना हॉस्पिटलातून सोडणार होते. दीड महिन्यापूर्वी एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई याच पट्ट्यावर पडल्या होत्या. डांबर जुनं होऊन त्यातली बारीक खडी सुटी झाली होती. तिच्यावर पाय गेला, पाय फाटकाकडे आणि सासूबाई दाराकडे. खुब्याचं हाड मोडलं. त्याआधी तीन वेळा थेंबताई म्हणाल्या होत्या, "पुढच्या महिन्यात करून घेऊ." तीन म्हणजे तीनच. त्यांनी मोजलं होतं.

हॉस्पिटलात सासूबाईंनी स्पष्ट आवाजात सांगितलं, "मला तुझ्याकडेच यायचंय. पण त्या रस्त्यावरून नाही. आणि मला कुणी उचलून वगैरे न्यायचं नाही, मी काय गव्हाचं पोतं आहे? माझ्या पायांनी चालत येईन. रस्ता नीट झाला तर तुझ्याकडे, नाही झाला तर थोरलीकडे. तिच्याकडे लिफ्ट आहे."

थोरल्या जाऊबाईंनी त्याच संध्याकाळी नवीन चादर घातलेल्या पलंगाचा फोटो पाठवला.

थेंबताईंनी फोटो बघितला आणि फोन उलटा ठेवला. नऊ वर्षं त्या आणि सासूबाई रोज दुपारी दोन ते चार पत्ते खेळत होत्या. सासूबाई बिनदिक्कत लबाडी करत आणि थेंबताई एक अक्षर न बोलता ती वहीत टिपून ठेवत. दीड महिना ती वही कोरी होती.

तर, रेझिन. जुनं डांबर उखडायचं नाही. धुवायचं, खड्डे बुजवायचे, वर रेझिनचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यावर बारीक गारगोटी पेरायची. रेझिन डब्यात मधासारखं असतं आणि जन्मभर तसंच राहतं. त्यात हार्डनर मिसळला की मात्र वीस मिनिटांत हात आवरता घ्यावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी दगड होतो. थेंबताईंनी पट्टा मोजला, हिशेब केला, सहा संच लागतील असं ठरवलं आणि सातवा राखीव आणला. एका संचात एक मोठा डबा रेझिनचा, एक छोटा हार्डनरचा.

बुधवारी सकाळी सात वाजता गुडघ्यांना फोमच्या पट्ट्या बांधून त्या बाहेर आल्या. दाराकडून सुरुवात करायची नाही आणि फाटकाकडूनही नाही. एका लांबट बाजूने सरकत जायचं, म्हणजे कुणी आत अडकणार नाही आणि कुणी बाहेर. ये-जा मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने. ठरलेलं सगळं कागदावर होतं. स्टोअरसाहेबांकडे गारगोटी पेरायचं काम होतं आणि ते त्यांनी कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं तन्मयतेने केलं.

पण पहिला संच फोडल्यावर थेंबताईंनी आधी एक भलतीच गोष्ट केली. हार्डनर मिसळायच्या आत त्यातलं लिटरभर नुसतं रेझिन एका रिकाम्या डब्यात काढलं, डब्यावर नीट अक्षरात 'ब्लँक' लिहिलं आणि तो कडेला उन्हात ठेवला.

"हे कशाला?" स्टोअरसाहेबांनी विचारलं.

"प्रयोगशाळेत नमुन्याशेजारी एक बाटली ठेवायची असते. तिच्यात सगळं तेच, फक्त मुख्य औषध नाही. तिचा रंग बदलला नाही तरच नमुन्याचा बदल खरा."

"इथे काय बदलणार आहे?"

"पट्टा कडक होईल. डबा होणार नाही. म्हणजे पट्टा हार्डनरने कडक झाला, उन्हाने नाही, हे सिद्ध होईल."

"पण हे कुणाला सिद्ध करून दाखवायचंय?"

"मला," थेंबताई म्हणाल्या आणि ढवळायला लागल्या.

काम घड्याळासारखं चाललं. तीन मिनिटं ढवळणं, रबरी दाताळ्याने ओढणं, गारगोटी. शेजारचे ब्रेककाका कुंपणावर हात टेकून बघत होते. त्यांनी पस्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती, समोर काहीही चाललेलं असलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीत दाबला जाई. "वहिनी, सावकाश," ते दर पाच मिनिटांनी म्हणत. गाडी नव्हती, वेग नव्हता, तरी म्हणत.

सहावा संच संपला तेव्हा अकरा वाजले होते आणि दाराच्या पायरीसमोर हातभर रुंद, दोन हात लांब एवढी जागा उरली. थेंबताईंनी वहीत लिहिलं: डांबराने अपेक्षेपेक्षा दीड टक्का जास्त प्यायलं.

"सातवा फोडू?" स्टोअरसाहेब म्हणाले.

थेंबताईंनी डांबराला थर्मामीटर लावला. "तापलंय. आता लावलं तर लावेपर्यंतच सुकेल. उद्या हॉस्पिटलातून आल्यावर मी करते. तुम्ही हात लावू नका, उगाच दमाल."

यातल्या शेवटच्या वाक्याने घात केला. निवृत्त नवऱ्याला उगाच दमशील म्हणणं म्हणजे त्याला कामाला लावणंच.

गुरुवारी थेंबताई हॉस्पिटलातले कागद करून दुपारी परतल्या तर पायरीसमोरची जागा भरलेली. गारगोटी इतकी सारखी पेरलेली की जुना-नवा जोड दिसेना. स्टोअरसाहेब व्हरांड्यात पाय पसरून बसले होते, चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर वेळेआधी देऊन आलेल्या मुलाचा भाव.

"तुम्ही केलंत?"

"केलं."

"नीट ढवळलंत?"

"तू तीन मिनिटं ढवळतेस, मी पाच ढवळलं."

 चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःहून ढवळलेली ही पहिली गोष्ट होती. थेंबताईंनी भोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: चोवीस तास स्पर्श करू नये. मग स्वतःचीच पाटी असल्यामुळे त्यांनीही स्पर्श केला नाही. एरवी बोट लावून बघितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी फक्त प्रेमापोटी बोट लावलं नाही, आणि विज्ञानात याला क्षमा नसते.

शुक्रवारी दुपारी तीनला दोरी सुटली. पट्टा खणखणीत झाला होता. थेंबताई फाटकापासून अर्ध्यापर्यंत टाचा आपटत चालल्या आणि तिथून वळून पाणी आणायला आत गेल्या, मागच्या दाराने, सवयीने. तेवढ्यात ब्रेककाका आले.

"वा वहिनी. हे तर धावपट्टीसारखं झालंय," असं म्हणत ते सरळ दारापर्यंत आले, पायरीसमोर उभे राहिले आणि बोलू लागले. उताराचं पाणी कुठे जाईल, गाडी कुठल्या चाकावर वळवावी, त्यांच्या मेहुण्याने असाच रस्ता केला होता तो कसा फुगला. सात-आठ मिनिटं. मग "बरं, निघतो," म्हणाले आणि निघाले नाहीत.

"काका, काय झालं?" थेंबताईंनी खिडकीतून विचारलं.

"काही नाही," ब्रेककाका जपून म्हणाले. "उजवा पाय जरा लागलाय."

आयुष्यभर हवेत ब्रेक मारणाऱ्या माणसाचा ब्रेक शेवटी लागला होता. स्टोअरसाहेबांनी त्यांना काखेत धरून ओढलं. काका सुटले, चप्पल सुटली नाही.

"उन्हामुळे असेल," स्टोअरसाहेब म्हणाले.

 थेंबताई गारगोटीवर वाकल्या, एक खडा चिमटीत धरून वर उचलला. खड्यामागून रेझिनची तार निघाली, लांब, चकचकीत, अगदी मधासारखी. त्या उठल्या, गाडीच्या खोलीत गेल्या आणि फळीसमोर उभ्या राहिल्या. सातवा संच फळीवर होता. सील शाबूत.

"अहो," त्या बाहेर येऊन अगदी हळू म्हणाल्या. थेंबताई हळू बोलू लागल्या की घरातली माणसं उभी राहत. स्टोअरसाहेब उभेच होते, त्यांनी काकांना सोडलं. "तुम्ही इथे काय लावलंत?"

"रेझिन."

"कुठलं?"

"डब्यातलं."

"कुठल्या डब्यातलं?"

"उघड्या. आधीचा उघडा माल संपल्याशिवाय सीलबंद फोडायचा नाही. तीस वर्षं मी हेच केलंय."

"त्यावर ब्लँक लिहिलं होतं."

"वाचलं की. पण मुदत लिहिली नव्हती. ज्याला मुदत नाही ते आधी संपवायचं."

"त्यात हार्डनर नव्हता."

"हार्डनर नव्हता तर ठेवलंस कशाला?"

"नव्हता म्हणूनच ठेवलं होतं."

स्टोअरसाहेबांनी यावर बराच विचार केला. त्यांच्या भांडारात असली वस्तू कधी आली नव्हती.

"मग मी पाच मिनिटं ढवळलं ते काय?" त्यांनी शेवटी विचारलं.

उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, कारण फाटकाशी रिक्षा थांबली आणि फिजिओ उतरली. सासूबाईंना चालायला शिकवणारी ही पंचविशीतली मुलगी फार कडक होती. घर बघून तिने सही केल्याशिवाय हॉस्पिटल पेशंटला सोडत नसे. हातात फळी, फळीवर फॉर्म.

"छान केलंय," ती चालत येता येता म्हणाली आणि लिहीत गेली. "खड्डे? नाहीत. चढ? चालेल."

"इथून, इथून या," थेंबताई मागच्या दाराकडे हात करत धावल्या.

"मागून कशाला? आजी पुढूनच येणार ना," फिजिओ म्हणाली, पायरीसमोर आली, पिशवी खाली ठेवली आणि फॉर्मकडे बघत उभी राहिली. "पृष्ठभाग घसरडा आहे का?" तिने पाय सरकवून बघितला. पाय सरकला नाही. जोर लावला. मग खाली बघितलं. मग बूट तिथेच ठेवून मोज्यासकट पाय बाहेर काढला.

 फिजिओ एका पायावर उभी राहून फॉर्मवरचे रकाने पुन्हा वाचत होती. घसरडा असल्याचा रकाना होता. चिकट असल्याचा नव्हता.

"याला मी काय लिहू?" तिने विचारलं.

थेंबताईंनी सगळं खरं सांगितलं. मुलीने ते ऐकून घेतलं, आणि ब्लँकचा भाग दोनदा विचारला.

"वर चटई टाकली तर?" स्टोअरसाहेबांनी सुचवलं.

"चटई, फळी, पायपुसणं, काही नाही. त्यावरूनच लोक पडतात. काकू, मी उद्या अकराला आजींबरोबरच येईन. त्यांचा पाय इथे अडकला तर तोल जाईल. तसं वाटलं तर मी त्यांना खाली उतरवणारच नाही, तीच गाडी मोठ्या काकूंकडे जाईल."

ती एका बुटावर रिक्षात बसून गेली. पिशवी थेंबताईंनी ओढून काढली आणि रिक्षात नेऊन दिली. पिशवीचा तळ मात्र दिला नाही, तो राहिला.

एकोणीस तास होते आणि नवीन रेझिनला चोवीस लागतात. हे गणित थेंबताईंनी तीन वेळा केलं, दर वेळी पाच तास कमीच पडले. मग त्यांनी बाह्या वर केल्या.

सातव्या संचातला हार्डनर वरून ब्रशने लावला. वर साय धरली आणि खाली मध तसाच. खड्यांच्या जंगलात तो मिसळणार कसा? केस वाळवायचं यंत्र आणून तासभर गरम हवा मारली. ऊब मिळाल्यावर रेझिन आणखी पातळ होऊन खड्यांवरून वर आलं, आळस देत असल्यासारखं. खरवडायला घेतलेलं उलथनं खरवडता खरवडता उभं राहिलं आणि परत आलं नाही. ब्रेककाका आता कुंपणापलीकडूनच, पायात मोजे घालून, "वहिनी, सावकाश," म्हणत होते.

"अगं, थोरल्या वहिनीला फोन करून सांगू का, तयारी ठेव म्हणून?" स्टोअरसाहेबांनी संध्याकाळी हळूच विचारलं.

"सांगा," थेंबताई म्हणाल्या, "की चादर काढून ठेव. पाहुणे येत नाहीयेत."

शनिवारी पहाटेच त्यांनी अडकलेल्या वस्तू सुरीने कापून काढल्या, कोरडी बारीक वाळू चाळली आणि चिमटीचिमटीने पेरायला सुरुवात केली. एक थर, दाबायचा, झाडायचा, पुन्हा थर. दर दोन तासांनी जुनी चप्पल घालून उभं राहायचं, दहा आकडे मोजायचे, पाय उचलायचा आणि वहीत नोंद. सहा वाजता: चप्पल काढून घेतो. आठ वाजता: धरतो, ओढल्यावर सोडतो. दहा वाजता: धरतो, थोडा विचार करतो आणि सोडतो. न थांबता चाललं तर निभावेल, असा निष्कर्ष काढून त्यांनी हात धुतले. हात पूर्ण धुतले गेले नाहीत.

अकराला दहा कमी असताना गाडी आली. सासूबाई उतरल्या, चौपायी काठी दोन्ही हातांनी धरून फाटकात उभ्या राहिल्या आणि पट्ट्याकडे बघत राहिल्या. शेजारी फिजिओ, आज दुसरे बूट घालून.

"चकाकतंय," सासूबाई म्हणाल्या. "पाणी टाकलंयस?"

"कोरडं आहे, आई."

"त्या दिवशीही कोरडंच होतं."

चालायला लागल्या. काठी पुढे, एक पाय, दुसरा पाय. थेंबताई त्यांच्यासमोर उलट्या चालत होत्या, हात अर्धवट पुढे केलेले. सासूबाईंची बोटं काठीवर पांढरी पडली होती आणि प्रत्येक पाऊल त्या आधी टोकाने चाचपून मग टाकत होत्या. सहाव्या मीटरला त्या थांबल्या.

"गाडी वळवायला सांग."

"आई..."

"नाही जमत गं मला. रस्ता चांगला आहे. मलाच भीती वाटते, पायाखालचं जाईल अशी. थोरलीकडे फरशी आहे, पण लिफ्टमधून निदान उभ्याउभ्या जाता येतं."

 समजूत घालणं थेंबताईंना कधी जमलं नव्हतं, तेव्हा त्यांनी जमायचं ते केलं. "आता फक्त पाच मीटर आहेत," त्या म्हणाल्या. "पाच मीटर आणि तीस सेंटिमीटर."

सासूबाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "तीस सेंटिमीटर सांगायची गरज होती?"

"आहेत, आई."

"किती वर्षं ऐकतेय मी हे," सासूबाई पुटपुटल्या, आणि त्या पुटपुटण्याच्या रागात काठी पुढे पडली. पाऊल. पाऊल. फिजिओ मागून मान हलवत होती. चार मीटर. दोन. स्टोअरसाहेब पायरीवर श्वास धरून उभे होते.

काठीचे रबरी पाय हातभर पट्ट्यावर पडले आणि बारीक आवाज झाला, च्चक. मग सासूबाईंचा डावा पाय. मग उजवा. थेंबताईंना 'थांबू नका' म्हणायचं होतं, पण सासूबाई थांबल्या.

त्यांनी उजवी टाच किंचित उचलली. पट्ट्याने ती धरली, विचार केला, सोडली. त्यांनी टाच पुन्हा ठेवली. पुन्हा उचलली. फिजिओचे दोन्ही हात पुढे आले. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची दीड महिन्याची आठी हळूहळू गेली, आणि पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी काठीवरचा एक हात काढला आणि खाली बोट दाखवलं.

"हे कुणी केलं?"

"आई, ते जरा चुकून..." थेंबताईंनी कबुलीला सुरुवात केली.

"मी," स्टोअरसाहेब पायरीवरून म्हणाले.

"वाटलंच मला. तिकडून इथपर्यंत जीव मुठीत धरून आले. इथे पाय टाकला आणि कुणीतरी खालून धरल्यासारखं वाटलं. आता मी कशाला पडतेय." त्या सुनेकडे वळल्या, मायेनेच. "तुझंही चांगलं आहे हो, मेहनत दिसते. पण उरलेला रस्ता याच्याकडून परत करून घे."

फिजिओने फॉर्म काढला, 'घसरडा आहे का' पुढे 'नाही' लिहिलं, जरा थांबून 'अजिबात' जोडलं आणि सही केली.

"सातवा डबा शिल्लक आहे, आई," स्टोअरसाहेब विनयाने म्हणाले. "हार्डनर नाही घातला तरी चालतो."

थेंबताईंनी तोंड उघडलं. त्यांना ब्लँकबद्दल सांगायचं होतं, दीड टक्क्याबद्दल, वाळूच्या सात थरांबद्दल. पण तोवर सासूबाई पायरी चढून, फिजिओच्या हाताला धरून, स्वतःच्या पायांनी घरात गेल्यासुद्धा होत्या. अनवाणी. चपला मागे राहिल्या होत्या, दाराकडे तोंड करून, शेजारी शेजारी.

थेंबताईंनी तोंड मिटलं, गुडघ्यांना फोमच्या पट्ट्या बांधल्या आणि चपला सोडवायला बसल्या. डावी निघाली. उजवी अजून तिथेच आहे.